साखळी: हात धरून उभं राहणाऱ्यांचा इतिहास

आमच्या प्रोजेक्टच्या क्लायंटकडे एक मॅनेजर आहे. सोमवारी संध्याकाळी आपल्याकडे कॉल सुरू होतो तेव्हा त्याची सकाळ असते, आणि शनिवारी त्याच्या जुन्या कॉलेजची फुटबॉल मॅच झालेली असते. हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. दोन सीझन तो नुसता वैतागलेला असायचा. गेल्या वर्षी एका सोमवारी मात्र स्वारी खूश होती. मी विचारलं, नवा खेळाडू आलाय का? तो म्हणाला, नाही, खेळाडू तेच आहेत. ऑफेन्सिव्ह लाइन सुधारली आणि चाली सांगणारा कोच शहाणा झाला.

ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे काय हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. रात्री बसून वाचलं. पाच दांडगे गडी एका ओळीत उभे राहतात आणि आपल्या चेंडूवाल्यापर्यंत समोरच्यांना पोचू देत नाहीत. चेंडू त्यांच्या हातात जवळजवळ कधीच येत नाही. पुढे फेकलेला चेंडू झेलायलाही त्यांना सहसा परवानगी नसते. गुणांच्या रकान्यात त्यांचं नाव लागत नाही, पण ते एकत्र हलले नाहीत तर रकान्यात कुणाचंच नाव लागत नाही.

हे वाचताना माझ्या हाताला आपोआप काहीतरी आठवलं. हे लाक्षणिक अर्थानं म्हणत नाही. कॉलेजची तीन वर्षं त्या हातात एकाच माणसाचा हात असायचा. मी कबड्डीत डावा इन खेळायचो आणि तो डावा कोपरा. टीममध्ये त्याला नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे ‘कोपरा’च म्हणायचे. आम्ही दोघंही मानवतचे.

मातीतला खेळ

पुण्यात मानवतचं नाव घेतलं की लोक १९७०च्या दशकातल्या हत्याकांडाबद्दल विचारतात. त्यावर वेब सिरीज आल्यापासून तर जास्तच. आम्हाला मानवत म्हणजे कापसाचा बाजार, जिनिंगच्या बाहेर रांगेत उभी असलेली वाहनं, आणि दिवाळीनंतर हवेत उडणारे कापसाचे तंतू. गावापासून लांब असलेलं मानवत रोड स्टेशन. आणि काळी माती.

काळ्या मातीत कबड्डी खेळणं म्हणजे वेगळं प्रकरण आहे. ती ओली असली की पायाला चिकटते, वाळली की दगड होते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. म्हणून मैदान करायचं तर वरून बाहेरची माती आणून टाकायची, चाळायची, पाणी मारायचं, दाबायची. एवढं कोण करणार? आम्ही शेताच्या कडेला फक्कीनं रेघा मारायचो आणि खेळायचो. गुडघे सोललेले नाहीत असा मुलगा आमच्या गल्लीत नव्हता.

त्या मैदानावर सगळ्यांना चढाईच करायची असायची. ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत एकट्यानं पलीकडे जायचं, सातजणांना हुलकावणी द्यायची, दोघांना बाद करून परत यायचं. पाहणारे शिट्ट्या मारायचे त्या चढाईला. मागे उभं राहायचं काम उरलेल्यांचं. लहानपणी मलाही वाटायचं, चढाई म्हणजे खेळ आणि बचाव म्हणजे आपली पाळी येईपर्यंतची वाट. या खेळाचा इतिहास वाचल्यावर कळलं, की आमची समजूत शंभर वर्षांपूर्वीच जुनी झाली होती.

नियमांनी काय केलं

महाराष्ट्रात हा खेळ ‘हुतुतू’ होता. बंगालात हाडुडु, तमिळ मुलखात चेडुगुडु. गावागणिक नियम वेगळे. ढोबळमानानं तीन पद्धती होत्या: संजीवनी, गामिनी आणि अमर. अमरमध्ये बाद झालेला गडी बाहेर जातच नाही, फक्त समोरच्याला गुण मिळतो. गामिनीत बाद झालेला बाहेर जातो आणि पूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. संजीवनीत मात्र आपण समोरचा एक गडी बाद केला की आपला बाहेर बसलेला एक गडी पुन्हा आत येतो.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात महाराष्ट्रातल्या क्रीडाप्रेमींनी या पद्धतींतून एक सामायिक नियमावली घडवायला घेतली. साताऱ्याची मंडळी त्यात पुढे होती, पुण्याचा डेक्कन जिमखाना होता. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं अखिल भारतीय स्पर्धा भरवली. तिथून खेळ वर चढत गेला. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं तिथं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात कबड्डीही होती. १९५०मध्ये अखिल भारतीय संघटना झाली. १९५२ साली मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा आणि १९५५ साली कलकत्त्याला महिलांची. १९६१मध्ये विद्यापीठांच्या क्रीडा मंडळानं कबड्डीला आपल्या स्पर्धांमध्ये घेतलं आणि पुढच्याच वर्षी शालेय स्पर्धांमध्येही ती आली. आमच्यासारख्या कॉलेजच्या संघांचा जन्म तिथला. हे सगळं उभं करण्यात शंकरराव तथा बुवा साळवी यांचं नाव मोठं. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो.

या सनावळीत एक गोष्ट दडून जाते. नियम लिहिणाऱ्यांनी संजीवनीचं तत्त्व मध्यभागी ठेवलं, आणि त्या एका निर्णयानं बचावाची किंमत बदलली.

हिशोब करून बघा. समोरचा चढाईपटू आम्ही पकडला तर तो बाहेर, त्यांचा एक कमी. त्याच वेळी आमचा बाहेर बसलेला एक परत आत, आमचा एक जास्त. म्हणजे एका पकडीनं दोन्ही संघांच्या संख्येतलं अंतर दोननं बदलतं. पकड म्हणजे नुसता बचाव उरला नाही. पकड हाच हल्ला झाला.

पण पकडीत एक मेख आहे. चढाईपटूला ज्यानं ज्यानं हात लावला तो प्रत्येकजण, चढाईपटू मध्यरेषेला पोचला तर बाद होतो. एकट्यानं घोटा धरला आणि तो निसटला, तर एकजण बाद. मदतीला आणखी तिघं धावले आणि तरी तो रेंगाळत, ओढत, हात लांबवून रेषेला टेकला, तर चौघं बाद. म्हणजे दुसऱ्याच्या मदतीला जाणारा प्रत्येकजण स्वतःला पणाला लावत असतो. आणि नाही गेला, तर पहिल्याचा बळी नक्की.

कबड्डीच्या बचावाचं सगळं शास्त्र या एका प्रश्नाभोवती फिरतं: पहिल्यानं हात घातल्यावर दुसरा किती लवकर येतो? अर्धा सेकंद विचार केला तर उशीर होतो. म्हणून विचार आधीच करून ठेवायचा आणि हात धरून उभं राहायचं. साखळी म्हणजे हेच.

सातजण मैदानात असतात तेव्हा सगळ्यात रुळलेली रचना दोन-तीन-दोन अशी असते. दोन्ही टोकांना कोपरा आणि इन अशी एकेक जोडी, मध्ये दोन कव्हर आणि सेंटर अशी तिघांची साखळी. कोपरा मागे असतो, घोट्यावर किंवा मांडीवर झेपावतो. इन त्याच्या शेजारी, चढाईपटू परत वळला की वाट अडवतो. कव्हर पुढून छातीवर येतात, ब्लॉक करतात किंवा धडक देऊन रेषेबाहेर काढतात. एक बाद झाला की रचना बदलते, दोन बाद झाले की पुन्हा बदलते. संजीवनीमुळे ही संख्या सतत वरखाली होते, म्हणून प्रत्येक संख्येसाठी वेगळी साखळी पाठ असावी लागते.

नंतर आलेले नियमही याच रस्सीखेचीतले. पूर्वी दम टिकेल तोवर चढाई चालायची. पुढे तीस सेकंदांची मर्यादा आली. मागच्या रेषेला चिकटून उभ्या राहणाऱ्या बचावाला उत्तर म्हणून बोनस रेषा आली. समोर सहा किंवा जास्त गडी असताना ती ओलांडली, की कुणाला न शिवताही गुण. म्हणजे चढाईपटूला खोल जायचं आमिष, आणि तो खोल आला की साखळीला संधी. २०१४च्या जुलैमध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि दोन नियम घराघरांत पोचले. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवायचाच, नाहीतर चढाईपटू स्वतः बाद. आणि तीन किंवा कमी गडी उरलेले असताना पकड केली तर एक गुण जादा, ती अव्वल पकड.

त्याच जुलै-ऑगस्टमध्ये मी आणि कोपरा इंजिनीअरिंगला लागलो.

हात धरून चालायला शिका

कॉलेजचं नाव सांगत नाही. संघ यथातथाच होता. एक चढाईपटू खरोखर चांगला होता आणि बाकी सगळे त्याच्यावर अवलंबून. तो बाद झाला की आम्ही हरायला लागायचो. बचावात प्रत्येकाला आपल्या नावावर पकड हवी होती. चढाईपटू निदानरेषेपर्यंत आला नाही तोच कुणीतरी सूर मारायचा, बाकीचे त्याचं काय होतंय ते बघत उभे राहायचे. पहिल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्याच फेरीत परत आलो.

दुसऱ्या वर्षी क्रीडा विभागाला नवे सर आले. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, चढाईच्या नव्या युक्त्या शिकवतील. त्यांनी दोन आठवडे चढाई बंद केली. समोर कुणी नाही, नुसते सातजण हात धरून मैदानात पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे चालायचो. होस्टेलची पोरं गॅलरीतून हसायची. आमचा चढाईपटू तर चिडून म्हणाला, “सर, ही काय शाळेची प्रभातफेरी हाय का?” सर म्हणाले, “प्रभातफेरीत तरी पोरं ओळीत चालतात. तुम्हाला तेवढंबी जमंना.”

मग त्यांनी नियम घातले. चढाईपटू परत वळेपर्यंत कुणी हात घालायचा नाही. त्याचं वजन पुढच्या पायावर असतं तोवर तो राजा आहे, वळताना तो एक क्षण लंगडा होतो. पहिला हात कोपऱ्याचा. कोपरा खाली गेला की इननं बघायचं नाही, विचारायचं नाही, अंग टाकायचं. पकड फसली आणि दोघं बाद झाले तर सर कुणालाच बोलत नसत. पण कोपरा एकटा बाद झाला आणि इन उभा राहिला, तर इनला मैदानाला फेऱ्या.

मला ते अन्यायाचं वाटायचं. मी तर वाचलो होतो, एक गडी वाचवला होता. सर म्हणाले, “तू गडी वाचवला नाहीस. पुढच्या वेळी तो खाली जाताना मागं वळून बघंल, असं केलंस.”

हे वाक्य कळायला मला बराच वेळ लागला. आता कोड रिव्ह्यू करताना ते जवळजवळ रोज आठवतं.

दाबाची भाषा

हात धरायचे याला आणखी एक कारण आहे. चाल सांगायची कशी?

चढाईपटूला बोलता येत नाही, त्याच्या तोंडात ‘कबड्डी’ चालू असतं. बचावात बोलता येतं, पण समोरचाही मराठीच आहे. “आता धर” म्हटलं की आधी तोच सावध होणार. म्हणून आमच्यात हातांची भाषा ठरली. कोपऱ्यानं एकदा लांब दाबला: थांब, मागे सरक, त्याला येऊ दे. दोनदा झटपट दाबला: या वळणावर मी जातोय. हात ढिला केला: माझ्या बाजूला नाही, तुझ्याकडे येतोय. इन तोच निरोप पुढे देऊ शकत नाही, कारण आमची जोडी वेगळी आणि मधली साखळी वेगळी. मग सेंटरनं पाय आपटायचा, एवढी एक खूण सगळ्यांना.

अमेरिकन फुटबॉलबद्दल वाचताना याचा जुळा भाऊ भेटला. वॉशिंग्टनला गॅलॉडेट नावाचं बधिर विद्यार्थ्यांचं कॉलेज आहे. १८९०च्या दशकात त्यांचा क्वार्टरबॅक पॉल हबर्ड चाली हातांच्या खुणांनी सांगायचा. समोर बधिरांचाच दुसरा संघ आला, की त्यांना त्या खुणा वाचता यायच्या. म्हणून तो आपल्या खेळाडूंना गोल करून जवळ घ्यायचा आणि त्या कोंडाळ्यात खुणा करायचा. आज त्या खेळात प्रत्येक चालीआधी संघ जो गोल करतो, त्या ‘हडल’चा उगम बहुतेकजण तिथला सांगतात. भाषा समोरच्याला कळते तेव्हा ती लपवायला शरीरं जवळ आणावी लागतात. ते खांदे जोडून उभे राहिले, आम्ही हात धरून.

त्या खेळाच्या इतिहासातही नियमांनीच ओळ घडवली. १८८०मध्ये येलच्या वॉल्टर कॅम्पच्या पुढाकारानं दोन्ही संघांना वेगळी करणारी रेषा आली, झुंबड संपून ओळ तयार झाली. १८९२मध्ये हार्वर्डनं येलविरुद्ध ‘फ्लाइंग वेज’ ही चाल आणली: खेळाडूंनी एकमेकांना बिलगून पाचरीसारखं धावत सुटायचं. ती इतकी घातक होती की दोन वर्षांत बंद करावी लागली. तरी मैदानावर पोरं मरत राहिली. १९०५मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांच्या लोकांना बोलावून घेतलं, आणि १९०६मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. पुढच्या काही वर्षांत हात गुंफून चालून जाण्यावरही बंदी आली. त्यांच्याकडे गुंफलेले हात नियमाबाहेर गेले. आपल्याकडे तीच खेळाची कला झाली.

तिसरी चढाई

तिसऱ्या वर्षी आम्ही चांगले खेळलो. चढाईपटू तोच होता, पण आता तो बाद होऊन बाहेर बसला तरी आम्ही घाबरत नसू. एक पकड केली की तो आत. त्याचाही खेळ सुधारला, कारण जीव वाचवत खेळायची गरज उरली नाही. एका स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत पोचलो. तिथं प्रो कबड्डीसारखेच नियम लावले होते.

शेवटची काही मिनिटं उरली होती आणि आम्ही एका गुणानं पुढे होतो. समोरच्यांच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या, आता तिसरी. सरांनी टाइमआउट घेतला आणि एवढंच सांगितलं: “कुणी धरू नका. गुण त्याला पाहिजे, आपल्याला नको. तुम्ही नुसते मागं सरका. तीस सेकंद झाले की तो आपोआप बाद.” इतकी सोपी चाल आयुष्यात कुणी सांगितली नसेल.

चढाईपटू आला. आमच्याच बाजूला आला. कोपऱ्यानं माझा हात लांब दाबला. थांब. पुन्हा लांब दाबला. थांब. मला मात्र समोर त्याची मांडी दिसत होती. वजन चुकीच्या पायावर होतं. एक धडक, आणि तो राखीव क्षेत्राच्या पलीकडे गेला असता. उपांत्य सामना, शेवटची मिनिटं, माझ्या नावावर पकड.

मी हात सोडला.

तो माझ्या धडकेची वाटच बघत होता. खाली वाकला, मी त्याच्या पाठीवरून घसरलो आणि तो वळला. मला त्याचा स्पर्श झालेला, म्हणजे तो निसटला तर मी बाद. कोपऱ्याला लांब राहता आलं असतं. सरांची चालही तीच होती. एकच गडी गेला असता, बरोबरी झाली असती. पण दोन वर्षांच्या फेऱ्यांनी आम्हाला एकच शिकवलं होतं: शेजारचा खाली गेला की बघायचं नाही, विचारायचं नाही. त्यानं घोट्यावर झेप घेतली. मी अजून तिथंच आडवा होतो. त्याचा गुडघा माझ्या आणि चढाईपटूच्या वजनाखाली आतल्या बाजूला वळला.

दोन गुण गेले आणि सामनाही गेला. नंतर डॉक्टरांनी लिगामेंट म्हणून सांगितलं.

कोपऱ्याला पोलीस भरतीत जायचं होतं. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी वरच्या स्तरावर खेळायला लागतं. विद्यापीठाच्या संघनिवडीला तो त्या वर्षी जाऊ शकला नाही. आमच्या संघातून निवड झाली ती चढाईपटूची. त्याची लायकी होतीच. पण निवडणाऱ्यांसमोर जो गुणतक्ता होता, त्यात त्या सीझनच्या पकडी एकेकाच्या नावावर होत्या. चौघांनी मिळून धरलेल्या माणसाचा गुणही बहुधा एकाच्याच नावावर चढतो. साखळीला नाव नसतं.

इराणची ओळ

२०१८च्या ऑगस्टमध्ये मी पुण्यात नोकरीला लागलेलो होतो. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतला भारत-इराण उपांत्य सामना ऑफिसच्या कँटीनमध्ये मोबाइलवर पाहिला. १९९०च्या बीजिंगपासून २०१४च्या इंचॉनपर्यंत आशियाई स्पर्धेतलं पुरुषांचं प्रत्येक सुवर्ण भारताचं होतं. इंचॉनच्या अंतिम सामन्यात इराणनं २७-२५ पर्यंत आणलं होतं, पण जिंकलो होतो आपणच. या वेळी आपल्याकडे अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी असे नावाजलेले चढाईपटू होते. इराणकडे फझल अत्राचलीच्या नेतृत्वाखाली एक ओळ होती.

निकाल २७-१८. भारताला अठरा गुण! एवढे चढाईपटू आणि अठरा गुण. कुस्ती रक्तात असलेल्या देशानं आपला खेळ आपल्याच लीगमध्ये येऊन शिकला होता, आणि शिकताना नेमकी आपण दुय्यम मानलेली बाजू उचलली होती. चढाईपटू वळेपर्यंत ते थांबत होते. पहिला खाली गेला की दुसरा बघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणनं भारताला २७-२४ असं हरवलं. त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. वेगळी भाषा, वेगळा देश, आणि मुलींना त्यांनी योग, प्राणायामापासून सुरुवात करून घडवलं. सुवर्णपदक घेतल्यावर त्यांच्या बातम्या आल्या. तोवर महाराष्ट्रातल्या किती कबड्डीप्रेमींना त्यांचं नाव माहीत होतं?

भारतानं २०२३मध्ये हांगझोऊला दोन्ही सुवर्णं परत मिळवली. पुरुषांचा अंतिम सामना पुन्हा इराणशीच, ३३-२९. दरम्यान बाजारालाही थोडी अक्कल आली होती. २०१८च्या प्रो कबड्डी लिलावात अत्राचलीसाठी यू मुंबानं एक कोटी मोजले होते. २०२३मध्ये पुणेरी पलटणनं मोहम्मदरझा शादलूई या इराणी कोपऱ्यासाठी दोन कोटी पस्तीस लाख मोजले आणि त्या मोसमात, १ मार्च २०२४ला, पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. अर्थात त्या लिलावातली सगळ्यात मोठी बोली चढाईपटूवरच लागली. सवयी एवढ्या लवकर जात नाहीत.

मानवत

हे सगळं लिहायच्या आधी कोपऱ्याला फोन केला. तुझ्याबद्दल लिहू का, असं विचारायला. तो आता मानवतलाच असतो. घरची शेती आणि सीझनमध्ये जिनिंगवर काम. संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना कबड्डी शिकवतो. पावसाळ्यानंतर पोरांनीच ट्रॉलीभर माती आणून मैदान केलंय म्हणाला.

त्या सामन्याबद्दल आम्ही इतक्या वर्षांत नीट बोललोच नव्हतो. मी म्हटलं, “तू आला नसतास तर चाललं असतं. सरांनी सांगितलं होतं ना, धरू नका.”

“सांगितलं होतं.”

“मग कामून आलास?”

थोडा वेळ काही बोलला नाही. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता.

“लेका, तू खाली गेल्तास,” तो म्हणाला. “तवा काय इचार करत बसू का?”

मग म्हणाला, लिही काय लिहायचं ते, पण नाव नको टाकू, ‘कोपरा’च लिही. आणि फोन ठेवायच्या आधी मला थांबवून तो पोरांवर ओरडला. हात सोडू नका रे, म्हणून.